टायमरला हात लावू नका बे!

दर रविवारी तेच. सकाळी ६ ला ड्रोन रेसच्या ग्राउंडवर जायचं, ड्रोन ज्यातून उडत जातात त्या गेटच्या बुडाशी लॅप मोजणारा टायमर मांडायचा, एकेका पायलटच्या ड्रोनचं व्हिडिओ चॅनल लावून एंटर-एक्झिटचे (सिग्नल किती चढला की ड्रोन गेटात आला, किती उतरला की गेला) आकडे जुळवत बसायचं, आणि सगळं जुळलं की कुणीतरी येऊन डबा "जरा बाजूला" सरकवणार! अरे, ड्रोनचा ५.८ गिगाहर्ट्झचा व्हिडिओ सिग्नल गेटपाशी किती चढतो यावरच तो लॅप मोजतो, डबा हलला की आकडे बोंबलले, मग एका फेरीचे दोन लॅप पडतात आणि शिव्या मला. परवा एकाने धूळ बसू नये म्हणून त्यावर स्टीलचा डबा पालथा घातला. स्टीलचा!! सिग्नल काय शेंगाचटणी खायला आत येणारे होय? (वर "घट्ट बसलाय बघ" म्हणे.) त्यात आपलं ऊन, टायमरमधला रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर) ८० अंशाला टेकला की मंदावतो, म्हणून चार काठ्यांवर घरची चादर ताणली तर सावली बघून चौघं तिथंच येऊन बसले, एकाच्या चपलेत पॉवरबँकची वायर अडकून निघाली, मेमरी कार्ड करप्ट, सगळ्या हीटचे, म्हणजे गटवार शर्यतींचे, टाइम गेले. ड्रोन आदळेल म्हणून फोम लावलाय, पिवळी टेप लावलीय, आता भोवती चुना पण मारू काय बे?