शिक्के? असतील दोन-तीन डबे

"तुझ्याकडे एकूण शिक्के किती आहेत गं?" हा प्रश्न घरात पहिल्यांदा विचारला जाईल तेव्हा गडबडून खरा आकडा सांगू नका. खरं तर तो आपल्याला माहीतच असणार नाही, अशी तजवीज आधीपासून करून ठेवावी. वय लपवायला जावं तर दहावीचं सर्टिफिकेट आड येतं, पगार लपवायला जावं तर फॉर्म सोळा. शिक्क्यांची नोंद अजून आधारशी जोडलेली नाही, तोवर चैन करून घ्या.

शिक्के म्हणजे ग्रामपंचायतीचे नव्हेत, हे नव्याने नादी लागलेल्यांसाठी सांगते. शुभेच्छापत्रं, डायऱ्या, भेटीची पाकिटं यांवर उमटवायचे ते हौशी शिक्के. लाकडी ठोकळ्यावर लाल रबर चिकटवलेले असतात ते जुन्या घराण्यातले. हल्लीचे पॉलिमरचे, पारदर्शक आणि जेलीसारखे लिबलिबीत. ते सेटमध्ये येतात, चकचकीत प्लॅस्टिकच्या पानावर चिकटलेले. वापरायच्या वेळी सोलून अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्यावर लावायचे आणि शाईला टेकवायचे. वापरायच्या वेळी, असं ऐकून आहे.

तर मोजणी. मोजायचं माप काय, हे नेहमी आपण ठरवायचं, विचारणाऱ्याला ठरवू द्यायचं नाही. इंग्रजी अक्षरांच्या सेटमध्ये २६ मोठी अक्षरं, २६ छोटी, १० आकडे आणि वर दोन-चार चिन्हं असतात, पण तो 'एबीसीडीचा शिक्का'. म्हणजे एक. न फोडलेलं पाकीट मोजायचं नाही. न वटलेला चेक कुणी शिल्लक धरतं का? नाताळचे, थँक्सगिव्हिंगचे, हॅलोविनचे शिक्के हंगामी, आणि हंगामी कामगाराला कुणी कायम पटावर घेत नाही. एकच सेट चुकून दोनदा घेतला असेल तर डिझाइन एकच, म्हणून एक. तिसऱ्यांदा घेतला असेल तर तो भेट द्यायला घेतलेला आहे. कुणाला द्यायचा हे सुचेपर्यंत तो आपल्याकडे ठेव म्हणून राहील, आणि ठेव ही मालमत्ता नसते.

या पद्धतीनं माझ्याकडे नऊ शिक्के आहेत. आमच्या ह्यांनी एका रविवारी जेवण झाल्यावर, टॉर्च घेऊन, दिवाणाच्या कप्प्यासकट मोजले ते एक हजार एकशे त्रेचाळीस भरले. पण त्यांनी स्वल्पविराम वेगळा धरला होता. ते बँकेच्या ऑडिटमध्ये आहेत, त्याला इलाज नाही.

नगांवरून वाद होऊ लागला की डब्यांवर या. "असतील दोन-तीन डबे" हे उत्तर कानाला किती सोज्वळ लागतं बघा, लोणच्याबद्दल बोलल्यासारखं. डबा केवढा हे विचारायचं कुणाला सुचत नाही. डबे वाढले की कप्पे म्हणायचं, कप्पे वाढले की कपाट. कपाट एकच असतं, वाढलं तरी 'त्या खोलीतलं कपाट' एवढंच. आमच्याकडे आता 'ती खोली' म्हणायची वेळ आली आहे. पूर्वी तिला पाहुण्यांची खोली म्हणत.

पैशाचा विषय निघाला तर इतिहासात घुसा. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत कडक पडायचं. त्यापायी चार्ल्स गुडइयर नावाच्या अमेरिकन माणसानं आयुष्याची वर्षानुवर्षं घालवली, १८३९ साली गंधक आणि उष्णता यांची जोडी जमवून रबर ताळ्यावर आणलं आणि १८४४ साली अमेरिकेत पेटंट मिळवलं. त्यातूनच पुढे रबरी शिक्के निघाले. हा मनुष्य देणेकऱ्यांच्या तुरुंगाची हवा खाऊन आला होता आणि १८६० साली वारला तेव्हा त्याच्या डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलरचं कर्ज होतं. म्हणजे रबरापायी हात पोळून घेण्याची परंपरा मूळ पुरुषापासूनच आहे. आपण तर अजून क्रेडिट कार्डाच्या किमान हप्त्यावरच आहोत. ही हकीकत सांगताना आवाजात थोडी कणव ठेवा. समोरच्याचा मूळ प्रश्न हमखास विसरला जातो.

खरेदीचं शास्त्र यापेक्षा सोपं आहे. ऐंशी रुपये टपालखर्च वाचवण्यासाठी सातशेची वस्तू घेणं याला काटकसर म्हणतात, हे आपल्या पिढीला शिकवावं लागत नाही. खरं कसब लागतं ते परदेशातल्या भाच्यांना कामाला लावण्यात. माझा भाचा न्यू जर्सीला असतो. दर दिवाळीच्या आधी फोन येतो, "मावशी, काय आणू?" इथे एकदम "शिक्के" म्हणू नये. आधी "काही नको रे, तू ये म्हणजे झालं" म्हणावं. मग "बदाम आण थोडे". मग फोन ठेवता ठेवता, "आणि तुझ्या पत्त्यावर एक छोटंसं पाकीट येईल बघ." गेल्या खेपेला त्याच्या बॅगेत तेवीस किलोंपैकी अकरा किलो ते छोटंसं पाकीट होतं. बदाम राहिले.

आता या शिक्क्यांवर असतं काय, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नाही, पण तुम्हाला सांगते. बर्फ. माझ्याकडे हिमकण आहेत एक्केचाळीस प्रकारचे, आणि मी राहते पुण्यात, जिथे बर्फ फक्त उसाच्या रसात पडतो. मफलर गुंडाळलेले पेंग्विन आहेत. लाल झेंडी लावलेली पत्रपेटी आहे, तशी पत्रपेटी मी जन्मात पाहिलेली नाही. भोपळे आहेत, पण घारग्यांचा भोपळा वेगळा आणि हा वेगळा. हा दात विचकतो. ओकच्या झाडाची फळं आहेत. शुभेच्छाही भरपूर आहेत, सगळ्या वळणदार इंग्रजीत, आणि त्यातल्या निम्म्या अशा प्रसंगांच्या, जे आमच्या नात्यागोत्यात कुणावर आलेच नाहीत. 'नव्या पाळीव मांजराबद्दल अभिनंदन' या अर्थाचा एक आहे. आमच्याकडे मांजर येतं तेव्हा दूध सांडलेलं असतं, अभिनंदन कुणी करत नाही.

तरीही घ्यावेत. काय सांगावं, उद्या शेजारी कुणी नॉर्वेचं राहायला आलं तर?

नवा शिक्का आणल्यावर त्याच्याशी काहीतरी करावंसं वाटतं, हा सगळ्यात धोक्याचा क्षण. मी एकदा या मोहाला बळी पडले, म्हणून सावध करते. पॉलिमरचा शिक्का कोरा असताना शाई धरत नाही. त्याच्या गुळगुळीत अंगावर शाईचे थेंब अळूच्या पानावरच्या पाण्यासारखे गोळा होतात, आणि कागदावर गुलाबाऐवजी देवी आल्यासारखे ठिपके उमटतात. मग त्याला साध्या खोडरबरानं हलक्या हातानं घासून त्याची झिलई मोडायची, पुन्हा शाई लावायची, पुन्हा दाबायचं. दाबताना ठोकळा केसभर हलला तर पाकळीला सावली येते. नीट उमटला तर तो डोक्यावर उलटा आहे हे कळतं. त्यानंतर पुसा, धुवा, वाळवा आणि पुन्हा त्याच प्लॅस्टिकच्या पानावर त्याच जागी बसवा, आणि तिथे तो गुलाब आता कुठल्याच बाजूनं बसत नाही. एका कार्डाला दोन तास गेले. तेवढ्या वेळात सेलमध्ये चौदा सेट बघून होतात.

म्हणून शहाण्यानं वापराच्या वाटेला न जाता व्यवस्थेच्या वाटेला जावं. आधी डीव्हीडीच्या रिकाम्या खोक्यांत सेट ठेवावेत. मग ती खोकी जाडजूड होतात म्हणून पातळ पाकिटं घ्यावीत. पाकिटं उभी राहत नाहीत म्हणून ट्रे. ट्रे दिसायला बरे दिसत नाहीत म्हणून लेबलं, आणि लेबलांसाठी, उघडच आहे, शिक्के. पॉलिमर उजेडात पिवळं पडतं, म्हणून ते अंधारात ठेवायचं असतं. ही शास्त्रीय सोय आपल्या किती पथ्यावर पडते ते लक्षात घ्या. साड्यांच्या घड्यांमागे, गव्हाच्या कोठीमागे, माळ्यावरच्या सुटकेसमध्ये ठेवलेल्या वस्तूला 'लपवलेली' म्हणायचं नाही, 'जतन केलेली' म्हणायचं.

सूचीसाठी एक जाड वही आणा आणि प्रत्येक शिक्क्याचा ठसा तीत उमटवायला घ्या. ही वही 'फुले: गुलाब, भाग १' इथपर्यंत येऊन थांबते. सगळ्यांचीच थांबते. मग नवी वही आणायची, कारण पहिल्या वहीचा कागद शाई फार पितो.

आमचे हे गडकिल्लेवाले. वर्षातले सहा रविवार राजगड, तोरणा, उरलेले त्यांच्यावर बोलण्यात. मोजणीच्या त्या रविवारी डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "अगं, महाराजांनी स्वराज्याच्या पत्रांचा कारभार दोन शिक्क्यांवर चालवला. माथ्याला राजमुद्रा आणि शेवटी मर्यादेची मुद्रा. 'मर्यादेयं विराजते.' मजकूर इथे संपला, यापुढे कुणी काही घुसडायचं नाही. तुझ्याकडे एक हजार एकशे त्रेचाळीस आहेत, त्यात मर्यादेचा एकही नसावा?"

अशा वेळी खचून जायचं नाही. राजमुद्रेवर काय कोरलं आहे ते ह्यांनीच मला लग्नानंतर पहिल्या सहा महिन्यांत पाठ करून घेतलं होतं. 'प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुः.' प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी. मी म्हटलं, वाढत जाणं हा मुद्रेचा स्वभावच आहे, मी फक्त आड येत नाही. ह्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. ऑडिटमधल्या माणसाला मूळ कागद दाखवला की तो गप्प बसतो.

पण संग्रहाची खरी परीक्षा घरचे घेत नाहीत, नणंद घेते. तिच्या लेकीचं लग्न ठरलं. "वहिनी, तुमच्याकडे एवढे शिक्के आहेत, तर त्या परतभेटीच्या कापडी पिशव्यांवर नुसतं 'सप्रेम भेट' तेवढं उमटवून द्या. दीडशेच आहेत." मी हसून "त्यात काय" म्हणाले आणि रात्री साडेअकराला दिवाण उचलला. कोठी सरकवली. माळ्यावर चढले. एक हजार एकशे त्रेचाळीसांत मराठीचं एक अक्षर नव्हतं. एक काना नव्हता. 'नव्या पाळीव मांजराबद्दल' होतं.

दुसऱ्या दिवशी कोर्टाजवळच्या शिक्केवाल्याकडे गेले. दुकान म्हणजे जिन्याखालची पाच फुटांची बोळकांडी, भिंतीवर नोटरी, सचिव, 'खरी प्रत' आणि 'पोहोच मिळाली' यांचे नमुने. काउंटरवरच्या काकांनी चिठ्ठी वाचली, वर बघून विचारलं, "संस्थेचं नाव खाली टाकायचं का?" नको म्हटलं. त्यांनी कॉम्प्युटरवर अक्षरं जुळवली. पहिल्या छापात 'भेट'ची मात्रा उडाली होती आणि दीडशे पाहुण्यांना 'सप्रेम भट' मिळणार होतं. ती लावून घेतली. मग काचेवर निगेटिव्ह, वर पातळ प्लॅस्टिक, कडेनं फोमच्या पट्टीची चौकट, आत मधासारखं दाट पॉलिमर, वर दुसरी काच, आणि सगळं यंत्रातल्या जांभळ्या उजेडाखाली. जिथे उजेड पोहोचला तिथे अक्षर घट्ट झालं, बाकीचं काकांनी नळाखाली ब्रशनं धुऊन टाकलं. माझ्याकडच्या परदेशी सेटांचा जन्मही असाच उजेडात होतो, फक्त त्यांना जिना नसतो. काकांनी कात्रीनं कडा कापल्या, मुठीवर चिकटवलं, रद्दीच्या कागदावर एकदा ठोकून दाखवलं. पाऊण तास, दोनशे रुपये. खोडरबरानं घासावंही लागलं नाही.

"कापडावर मारायचंय? मग ही पॅडची शाई नको, फुटेल," एवढा सल्ला त्यांनी फुकट दिला. कापडाची शाई माझ्याकडे होतीच. सतरा रंगांत. दीडशे पिशव्या दोन दुपारी झाल्या, इस्त्री फिरवून पक्क्याही केल्या. लग्नात चार बायकांनी पिशवी उलटीसुलटी करून पाहिली आणि "कुठून छापून घेतल्या?" असं नणंदेला विचारलं. नणंदेनं प्रेसचं नाव सांगितलं, पण ते असो.

परवा वाढदिवसाला ह्यांनी एक छोटी पुडी हातात ठेवली. त्याच जिन्याखालच्या दुकानातली, बिलासकट. आत तसाच मुठीचा शिक्का, बारीक अक्षरांत 'मर्यादेयं विराजते'. डोळे मिचकावून म्हणाले, "आता प्रत्येक पार्सलवर आधी हा मारायचा."

छान उठतो हो. रफारसुद्धा स्वच्छ. लगेच सूचीच्या तिसऱ्या वहीत पहिल्या पानावर उमटवून पाहिला. मग वाटलं, खालची मुद्रा आहे तर माथ्याची राजमुद्रा नको का, अष्टकोनी? आणि हीच अक्षरं मोडी लिपीत किती देखणी दिसतील. काकांना फोन केला. "फाइल पाठवा, होऊन जाईल," म्हणाले.

चारही एकाच दुकानातले आहेत. म्हणजे सेट. एक धरा.