‘डोळे मिटून उत्तर द्यायला लावलं’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

व्हिडिओ कॉलवरच्या मुलाखतीत तुम्हाला अपमान वाटला, त्याबद्दल दिलगीर आहोत. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की आम्ही खोली कॅमेऱ्यात फिरवून दाखवायला सांगितली, डोळे मिटून उत्तर द्यायला लावलं आणि मध्येच कॉल कापला. आमची पुण्यातली छोटी प्लेसमेंट एजन्सी आहे. असं वाचून मुलंही बिचकतात आणि कंपन्याही, म्हणून सविस्तर लिहितो.

खोली सगळ्यांनाच दाखवायला सांगतो. डोळ्यांचं मात्र वेगळं आहे. त्या कॉलवर मी स्वतः होतो. एसक्यूएलमध्ये (डेटाबेसमधली माहिती हाताळायची भाषा) इंडेक्स, म्हणजे माहिती पटकन शोधायच्या सूची, जास्त झाले तर काय होतं, असं विचारल्यावर तुम्ही आमचाच प्रश्न सावकाश पुन्हा म्हटलात, थांबलात, आणि मग इन्सर्ट-अपडेट (माहिती भरणं-बदलणं) मंदावतात, जागा जास्त लागते, हे पुस्तकी इंग्रजीत सलग सांगितलंत. उत्तर बरोबरच होतं. पण तुमच्या चष्म्याच्या काचेत ओळी वर सरकताना दिसत होत्या, सर, म्हणजे स्क्रीनवरून वाचताय असं वाटलं. मग विचारलं, तुमच्या स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये इंडेक्स कुठल्या कॉलमवर होता? रेझ्युमेत ४ वर्षांचा अनुभव आहे, एवढं तोंडपाठ असायला हवं. तेव्हा डोळे मिटून सांगा म्हटलं, आणि तुमचं नेटवर्क गेलं. कॉल आम्ही कापलेला नाही.

एकाने मुलाखत द्यायची आणि दुसऱ्याने रुजू व्हायचं, इथपर्यंत प्रकार गेलेत. अशा तोतयेगिरीला आयटी कायद्याच्या कलम ६६ड खाली ३ वर्षांपर्यंत कैद आहे. तुम्ही तसं केलंत असं मी अजिबात म्हणत नाही. पण उमेदवाराकडून आम्ही एक रुपयाही घेत नाही. माणूस कामाला लागला की कंपनी आम्हाला त्याच्या वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम देते, आणि माणूस ९० दिवस टिकला नाही तर दुसरा फुकट द्यावा लागतो. वाचून उत्तरं देणारा कामावर लगेच उघडा पडतो, भुर्दंड आम्हाला. आणि ‘सर, इथपर्यंतच येतं’ असं खरं सांगणारा लातूर-जळगावचा मुलगा मागे पडतो, त्याचं जास्त वाईट वाटतं.

कॅमेऱ्याच्या सूचना यापुढे आधी मेलवर कळवू, बाकीचंही बघतोय. तुम्ही ऑफिसला या. लॅपटॉप आमचा, प्रश्न तुमच्याच प्रोजेक्टवरचे. जमलं तर तुमचा रेझ्युमे मी स्वतः कंपनीला पाठवतो. फक्त कॉल कुणी कापला, तेवढं अभिप्रायात दुरुस्त करा, ही विनंती.