रात्रीचा ट्राउट, बर्फाखालचा ट्राउट आणि आपली चढण : खानापूरच्या दादांना उत्तर

दादा, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, दादांचं म्हणणं असं की रात्री ट्राउट (गार पाण्यातला मासा) धरणं म्हणजे झोपलेल्याच्या उरावर बसणं, बर्फाला भोक पाडून धरणं त्याहून वाईट कारण थंडीनं मासा आधीच अर्धमेला असतोय, वरनं स्क्रीनवर बघून गळ सोडायचा म्हणजे तर शिकार पण नव्हे, आणि शेवटी काय तर बेळगावात बसून बर्फाच्या गोष्टी कशाला, आमच्या मलप्रभा नदीवर लिहा की. रागानं लिहिलासा पण माशाच्या काळजीनं लिहिलासा, म्हणून दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं व्हावं असं वाटेना.

आधी झोपेचं बघू. ब्राउन ट्राउट म्हणून ट्राउटची एक जात आहे, त्यातला मोठा मासा रात्री झोपत नाही हो. दिवसभर तो काठाखालच्या पोकळीत नाहीतर पाण्यात पडलेल्या झाडाखाली दडून असतो आणि अंधार पडला की उथळ पाण्यात येऊन लहान मासे, क्रेफिश (झिंग्यासारखा गोड्या पाण्यातला प्राणी), कधी पोहत चाललेला उंदीरसुद्धा गिळतो. मिशिगनमध्ये ऑ साबल नावाची नदी आहे, तिथं जूनच्या शेवटी हेक्स म्हणतात ती मोठी मेफ्लाय (पाण्यात वाढणारा उडता किडा) पाण्यातनं बाहेर पडते, तीच मुळात दिवस मावळल्यावर, आणि दिवसा ज्याचं शेपूटही दिसत नाही असा ट्राउट त्या वेळी जेवायला वर येतो. आंधळा असतो तो माणूस. माशाला अंगावरच्या बाजूच्या रेषेनं पाण्यातली बारीक हालचाल कळते, वर आभाळाचा जो काय थोडा उजेड असतो त्यात किड्याची काळी आकृती दिसते, म्हणून तर रात्री काळ्या रंगाची फ्लाय (गळावर बांधलेला खोटा किडा) बांधतात. आणि काठावरच्याला स्वतःच्या दोरीचं टोक दिसत नाही, डुबुक असा आवाज आला की अंदाजानं हात उचलायचा. बॅटरी लावायची सोय नाही, कारण माशाच्या डोळ्यातल्या उजेडाच्या आणि अंधाराच्या पेशी जागा बदलतात आणि त्याला बराच वेळ लागतो, एकदा का झोत पाण्यावर पडला की त्या जागेवर गळ टाकून काही उपयोग नाही, पुढं चालायला लागायचं.

आता बर्फ. मी कामानिमित्त मिनेसोटात होतो तेव्हा ऑफिसातल्या लोकांबरोबर लेक ट्राउटला (खोल तळ्यातली ट्राउटची जात) जायचो, त्यामुळं हे डोळ्यांनी बघितलेलं सांगतोय. पाणी सगळ्यात जड असतं ते ४ अंशाला, त्याहून गार झालं की हलकं होऊन वर येतं, म्हणून तळं वरून गोठतं आणि तळाशी ४ अंशाच्या आसपासचं पाणी तसंच राहतं. लेक ट्राउटला आवडतं ते साधारण १० अंशाचं पाणी. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं म्हणून बिचारा खोल तळाशी अडकून पडतो आणि हिवाळ्यात सगळं तळंच गार असतं तर काठापासून मध्यापर्यंत कुठंही फिरतो. शिवाय गार पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो, शून्य अंशाला लिटरमागे १४.६ मिलिग्रॅमपर्यंत, ३० अंशाला साडेसातच्या आसपास, म्हणजे निम्मा. तुम्ही अर्धमेला म्हणतासा तो मासा त्याच्या हिशोबानं वर्षातल्या चांगल्या दिवसात असतो.

भोक पाडतात ते सहा-आठ इंचाचं, ऑगरनं, म्हणजे बर्फाच्या गिरमिटानं. पाडल्यावर त्यात बर्फाचा चुरा तरंगतो तो आपल्या भज्याच्या झाऱ्यासारख्या चमच्यानं सारखा काढत बसायला लागतो, नाहीतर बघता बघता भोक परत धरतं. रॉडच्या कड्यांत बर्फ साचतो, तो बोटानं फोडायचा. गळ वर ओढत आणला की लेक ट्राउट त्याच्या मागनं दहा-पंधरा फूट वर येतो, घेतो किंवा अगदी तोंडाशी येऊन परत फिरतो. लागला तर मासा दिसायच्या आधी भोकात बुडबुडे येतात, कारण हा मासा खोलातनं वर येताना पोटातल्या पिशवीतली हवा तोंडावाटे सोडू शकतो. पर्चसारख्या माशांना ते जमत नाही, त्यांची पिशवी फुगते आणि सोडले तरी त्यांना खाली जाता येत नाही. सोडायचा असेल तर लेक ट्राउटला भोकातनं बाहेर काढूच नये, पाण्यातच गळ सोडवावा, उणे वीसच्या हवेत कल्ले आणि डोळे लगेच गोठायला लागतात. हे न पाळणारे लोक तिथं आहेत आणि त्यांच्याबद्दल तुमचा राग रास्त आहे.

(कुणी मुलंबाळं घेऊन तिकडं जाणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा, चालायला किमान ४ इंच स्वच्छ, काचेसारखा बर्फ लागतो, पांढरा दुधी बर्फ असेल तर त्याच्या दुप्पट.)

स्क्रीनचं तुमचं म्हणणं मला पटतं. खोली किती आणि खाली काही हलतंय का एवढं दाखवणारं यंत्र चालेल, पण आता जे लाइव्ह सोनार (आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं दाखवणारं यंत्र) आलंय त्यात एकेक मासा फिरताना दिसतो, त्याच्या डोक्यावर जाऊन भोक पाडायचं. मी ते वापरलं नाही आणि वापरणार नाही.

पण दादा, माझा मुद्दा वेगळाच आहे. रात्र आहे का दिवस, बर्फ आहे का नाही, यावर माशाचं बरंवाईट ठरत नाही, त्याच्या पोटात अंडी आहेत का यावर ठरतं. लेक ट्राउट शरद ऋतूत, बर्फ धरायच्या आधी खडकांवर अंडी घालून मोकळा झालेला असतो, मिनेसोटातल्या आतल्या तळ्यांवर त्याचा हिवाळी सीझन त्यानंतर, साधारण जानेवारीत उघडतो आणि मार्चअखेर संपतो. आपल्या हिमाचलमध्ये ट्राउट थंडीतच तळाच्या बारीक खड्यांत अंडी घालतो म्हणून तिथं १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंदी असते.

आणि आपल्याकडं? मृगाचा पाऊस लागला, ओढे भरले, की रात्री बॅटऱ्या घेऊन सगळं गाव बांधावर. गाबोळीनं पोट टम्म झालेले मासे प्रवाहाच्या उलट शेताकडं चढतात, हीच ती चढण, आणि लोक पाय न भिजवता काठीनं, कोयत्यानं मारतात, घळीच्या तोंडाला जाळं लावून पोत्यानं भरतात. हल्ली वायर टाकून करंट सोडतात, कुठं ब्लीचिंग पावडर ओततात. विष घालून, स्फोटकं टाकून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. समुद्रावर पश्चिम किनाऱ्याला १ जून ते ३१ जुलै मासेमारीच्या यांत्रिक बोटी बंद असतात, मग खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीकडच्या ओढ्याला ते दोन महिने का मिळू नयेत? एक वेळच्या कालवणापुरते चार मासे धरणाऱ्या घराबद्दल मी बोलत नाही, ते पिढ्यान्पिढ्या चालत आलंय. पोत्यानं भरून बाजारात आणणाऱ्यांबद्दल बोलतोय.

बर्फाच्या गोष्टी कशाला, याचं उत्तरही इथंच आहे. उथळ तळ्यावर बर्फ आणि त्यावर जाड हिम साचलं की खाली उजेड जात नाही, वनस्पती ऑक्सिजन करत नाहीत, कुजण्यात असलेला संपतो आणि वसंतात मेलेले मासे वर येतात. आपल्याकडं मे महिन्यात आटलेल्या तळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंड वासतात ते त्याच हिशोबानं, गरम पाण्यात आधीच ऑक्सिजन कमी, त्यात रात्रभर शेवाळानं उरलेला ओढून घेतलेला. लोक म्हणतात कुणीतरी औषध घातलं. काही वेळा घातलेलं असतंच, पण दरवेळी नाही, आणि हा फरक ओळखता आला तर भांडण नेमकं कुणाशी करायचं ते कळतं.

मलप्रभेवर लिहितोय, पण खानापूरच्या वरच्या अंगाचं मला तुमच्याकडनं पाहिजे. चढण तुमच्याकडं पहिल्या पावसाला लागते का ओढा दोनदा भरून गेल्यावर, तुमच्या लहानपणी कुठल्या जातीचे मासे चढायचे आणि त्यातले आता कुठले दिसत नाहीत, घरातल्या थोरल्या माणसांना विचारून इथंच खाली लिहा. गावाचं नाव घातलं नाही तरी चालेल, ओढ्याचं घाला.