वाडा सांभाळायचाय? मग वापरू देऊ नका

तुमच्याही तालुक्याच्या गावात एखादा रिकामा वाडा असेलच. दगडी जोतं, सागवानी खांब, चौकात तुळस. त्याचं करायचं काय, असा प्रश्न पडला असेल तर गेल्या रविवारी आमच्या गावी मी जे पाहिलं, त्यावरून चार युक्त्या सांगते.

आधी कुलूप लावा. किल्ली अशा शिपायाकडे द्या, जो कायम कुणाच्या तरी लग्नाला गेलेला असतो.

मग फलक. त्यावर वाड्याचं साल नसलं तरी चालेल, 'यांच्या शुभहस्ते' हवंच.

कुणी वापरायला मागितला तर 'वारसा आहे हो!' म्हणून वाटेला लावा. आमच्या वाचनालयाने ओसरी मागितली होती. भाड्याच्या गळक्या खोलीत पुस्तकांवर प्लास्टिक अंथरून बसतात बिचारे. मिळाली नाही. त्या ओसरीवर आता मंडपाचे बांबू, मोडक्या खुर्च्या आणि बंद पडलेलं धुरळणी यंत्र नांदतंय. त्यांची वारशाला अडचण नाही.

आणि मुख्य म्हणजे सुशोभीकरण! मार्चअखेरीस निधी आला की चुन्याच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा थापा. चुन्याची भिंत ओल पिते तशी सोडतेही. सिमेंटने तिचं तोंड बांधलं की ओल आतच मुरते, पोपडे सुटतात, जाताना जुन्या विटाही भुगा होऊन जातात. की लगेच 'इमारत धोकादायक' म्हणून कागद तयार. खांबांना चॉकलेटी ऑइलपेंट. मी नखाने खरवडून पाहिलं. खाली केळफुलाची नक्षी, एकेक पाकळी रंगाने लिंपलेली. अरे, कुणी सांगितलं होतं तुम्हाला? वर एक कौल सरकलंय, पाणी थेट तुळईच्या टोकावर पडतंय. ते बसवायला एक गवंडी आणि अर्धा तास लागतो. पण अर्ध्या तासाचं टेंडर निघत नाही ना!

पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात 1821 मध्ये इंग्रजांनी संस्कृत पाठशाळा भरवली. ब्रह्मदेशाचा पदच्युत थिबा राजा 1916 मध्ये गेला, रत्नागिरीतल्या त्याच्या राजवाड्यात आज वस्तुसंग्रहालय आहे. परक्या सरकारलाही जे सुचलं ते आपल्या नगरपालिकेला सुचू नये?

लाज वाटत नाही तुम्हाला? नवी योजना नको, समिती तर मुळीच नको. ते बांबू उचला, किल्ली वाचनालयाला द्या. आणि वाड्यापुढे सेल्फी काढून 'आपला वैभवशाली इतिहास' लिहिणाऱ्यांनो, तुम्हीही आत डोकावून पाहिलंय का कधी? मृग तोंडावर आलाय. ते कौल अजून तसंच आहे.