निष्कर्ष आधीच ठरला असेल तर मुलांना घरोघरी पाठवू नका

नववी-दहावीच्या मुलांना ‘आपल्या परिसरातील आहार’ असा प्रकल्प दिला की बहुतेक वह्यांच्या शेवटच्या पानावर एकच वाक्य सापडतं: लोकांमध्ये जागृती नाही. हे वाक्य उंबरठा न ओलांडताही लिहिता आलं असतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण या वयाची मुलं खरंखुरं संशोधन करू शकतात.

‘काल दिवसभरात काय काय खाल्लं-प्यायलं?’ एवढ्या प्रश्नापासून सुरुवात होते. पोषणशास्त्रातले संशोधकही मागच्या चोवीस तासांचा आहार असाच विचारतात, आणि त्यांनाही त्याच अडचणी येतात. मधल्या वेळचं खाणं लोक विसरतात, वाटी केवढी होती ते सांगता येत नाही, गोडधोड जरा कमीच सांगितलं जातं. शिवाय एका दिवसावरून माणसाचा नेहमीचा आहार कळत नाही. हे मुलांना स्वतः अनुभवू द्या. ‘आमच्या माहितीत या त्रुटी आहेत’ असं प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या गटाला मी सगळ्यात जास्त गुण देईन.

नोंदी जमल्या की त्या वाचायची पद्धतही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 15 ते 49 वयाच्या स्त्रियांसाठी 10 अन्नगट, म्हणजे धान्यं, डाळी, दूध, अंडी असे खाण्याचे प्रकार, ठरवलेत. आदल्या दिवशी त्यांपैकी किमान 5 गटांतलं खाणाऱ्या किती, ते मोजायचं. त्यावरून एकेका बाईला पास-नापास करायचं नसतं. चित्र सगळ्या वस्तीचं पाहायचं असतं.

पण खरा प्रश्न पुढचा आहे. फळं का नाहीत? पैसे नाहीत, बाजार लांब आहे, की कामावरून यायला उशीर होतो? याच संघटनेच्या अन्न-असुरक्षिततेच्या, म्हणजे पुरेसं अन्न मिळण्याची खात्री नसण्याच्या, 8 प्रश्नांत, पैशाअभावी जेवण टाळावं लागलं का, असाही एक प्रश्न आहे. तो शेजारच्याच मुलाने तोंडावर विचारला तर कोण खरं सांगेल? म्हणून अशी उत्तरं बिननावाच्या चिठ्ठीवर घ्यावीत, आधी परवानगी मागावी, आणि ‘सांगायचं नाही’ हेही उत्तर मानावं. वर्गात सगळ्यांसमोर कुणाचं वजन करणं तर नकोच.

आणि प्रदर्शनात तक्ते लावण्याआधी मुलांनी ते त्याच घरांतल्या लोकांना दाखवावेत. ‘आमचं कारण तुम्ही चुकीचं लिहिलंय’ असं कुणी म्हणालं, तर तक्ता बदलावा.