थेटरचं तोंड जपताय, पण केबिनचं काय?

छोट्या गावातल्या जुन्या थेटरवर कोणी लिहायला बसलं की गाडी ठरलेल्या रुळावरनं जाते. कोणी बांधलं, पहिला पिक्चर कुठला लागला, हाऊसफुल्लचा बोर्ड किती आठवडे हलला नाही, मग टीव्ही आला, मोबाईल आला आणि कुलूप लागलं. चूक नाहीये त्यात काही, पण हा पडद्याकडे तोंड करून बसलेल्या लोकांचा इतिहास झाला. उरलेला अर्धा त्यांच्या डोक्यावर, मागच्या केबिनमध्ये, म्हणजे जिथनं प्रोजेक्टरचं मशीन पडद्यावर पिक्चर टाकतं त्या खोलीत असतो आणि थेटरचं रिनोव्हेशन निघालं की सगळ्यात आधी तीच फोडतात, दर्शनी भागाला मात्र रंग आणि लायटिंग. डोकं फिरतं माझं.

त्या केबिनच्या भिंती एवढ्या जाड का, कधी विचार केलाय? साधारण 1950 पर्यंत थेटरात चालणारी 35 मिमीची फिल्म नायट्रेटची, म्हणजे झटकन पेटणाऱ्या प्लास्टिकची असायची, आणि नायट्रेट जळायला लागलं की ऑक्सिजन स्वतःच पुरवतं, म्हणजे पाण्यात बुडवा नाहीतर वाळू टाका, विझत नाही. त्यात 1897 ला पॅरिसमध्ये एका धर्मादाय बाजारात प्रोजेक्टरच्या दिव्यातल्या इथरनं (पटकन पेटणारं द्रव) पेट घेतला आणि शंभरावर माणसं गेली (पेटलं इथर, पण सिनेमाचं नाव खराब व्हायचं ते झालंच). ब्रिटनमध्ये तर 1909 ला कायदाच आला, की मशीन पब्लिकपासून वेगळ्या, आगीला दाद न देणाऱ्या खोलीत पाहिजे. केबिनच्या भिंतीत पडद्याकडे उजेड सोडायला जी भोकं, त्यांवर लोखंडी झडपा, त्या उष्णतेनं वितळणाऱ्या कडीला टांगलेल्या, आत भडका उडाला की कडी वितळणार आणि झडप धाडकन खाली. हॉल वाचला! ऑपरेटरनं आपलं आपण बघायचं.

मूकपटाच्या काळात हँडल हातानं फिरवायचं, त्यामुळे एक खेळ जास्त बसवायचा असेल तर पिक्चर थोडा पळवला जायचा. आवाज आला आणि सेकंदाला 24 फ्रेम हे पक्कं झालं, कारण स्पीड हलला की गाणारीचा आवाज बदलतो. स्पीकर पडद्यामागे गेले, आवाज आरपार यावा म्हणून पडद्याला बारीक भोकं पडली, आणि मूकपटाला खाली बसून संगीत वाजवणाऱ्यांचं काम गेलं. त्यांच्यावर मात्र कोणी पोस्ट लिहीत नाही.

दोन हजार फुटाचं रीळ साधारण 22 मिनिटं चालतं. म्हणून मशीनं दोन असायची. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकतो, दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, काही सेकंदांनी दुसरा ठिपका, की बदल. चुकला की खाली शिट्ट्या. मधल्या वेळात मशीनला उजेड देणाऱ्या कार्बनच्या दोन कांड्या जळत असतात, त्यांच्यातलं अंतर सांभाळत बसा, नाहीतर पडदा पिवळा पडतो. हे दिवसातून तीन-चार खेळ, वर्षानुवर्षं. एवढी कारागिरी आणि नाव कुठल्या पाटीवर? मालकाचं.

आणि थेटर मोबाईलनं बंद पडलं हे मला अर्धवटच पटतं. 2005 ला हॉलिवूडच्या स्टुडिओंनी फिल्मऐवजी डिजिटल फाइलवरनं पिक्चर दाखवायचे नियम ठरवले आणि पुढच्या आठ-दहा वर्षांत फिल्मच्या प्रिंटच निघेनाशा झाल्या. आधी छोट्या गावात प्रिंट उशिरा यायची, झिजलेली, पडद्यावर रेघांचा पाऊस पाडणारी, पण यायची. मग नवीन डिजिटल मशीन घ्या नाहीतर बसा. मोठ्या शहरातल्या दहा पडद्यांना तो खर्च झेपतो, एकाच पडद्यावाल्यानं कुठनं आणायचा? त्यातले कितीतरी तिथेच थांबले, आणि जुनी मशीनं भंगारात किलोवर गेली.

अजून एखादं थेटर उभं असेल आणि आत शिरायला मिळालं तर पडद्याकडे पाठ करा आणि मागच्या भिंतीवरची भोकं मोजा. एका मशीनला दोन, एक उजेडाला आणि एक ऑपरेटरच्या डोळ्याला. चार दिसली तर दोन मशीनं होती. प्लास्टरनं बुजवली असतील तर हात फिरवून बघा, कडा लागतात हाताला.