‘ट्यूब हाच खरा एअरवे’ वाली पोस्ट शेअर करण्याआधी हे वाचा

सध्या एक पोस्ट खूप फिरतेय. त्यात म्हणलंय की इमर्जन्सीत ट्यूब (तोंडातून श्वासनलिकेत घालायची नळी) हाच खरा एअरवे म्हणजे श्वासाचा मार्ग, बॅग-मास्क (चेहऱ्यावर मास्क धरून हाताने दाबायची हवेची बॅग) आणि आयजेल (घशात स्वरयंत्रावर बसणारं सोपं साधन) म्हणजे ज्यांना ट्यूब जमत नाही त्यांचं काम, जीसीएस (शुद्ध किती आहे याचा ३ ते १५ गुणांचा स्कोअर) ८ किंवा कमी आला की विचार न करता इंट्युबेट करा म्हणजे ट्यूब टाका, व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने (घसा स्क्रीनवर दाखवणाऱ्या कॅमेऱ्याच्या ब्लेडने) हात बिघडतो, आणि ट्यूब कॉर्डमधून (स्वरतंतूंमधून) जाताना दिसली, दोन्ही बाजूला हवा ऐकू आली की झालं कन्फर्म. नवीन इंटर्न आणि अँब्युलन्सवरची मुलं हे सेव्ह करून ठेवतायत म्हणून लिहितेय, कारण यातल्या काही गोष्टींनी खरंच पेशंट जातो.

आधी बॅग-मास्कचं बघू. हे कमी दर्जाचं काम नाहीये, उलट नीट बॅगिंग येणं हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात जास्त उपयोगी स्किल आहे असं माझं ठाम मत आहे. नेहमी काय होतं, एका हाताने मास्क चेहऱ्यावर जोरात दाबला जातो, त्याने जबडा मागे जातो, जीभ घशात पडते, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) वर येत नाही म्हणून बॅग अजून जोरात दाबली जाते आणि ती सगळी हवा पोटात, मग उलटी. दोन्ही हातांनी जबडा वर उचलून मास्कमध्ये आणायचा आणि बॅग दुसऱ्याने दाबायची, एवढ्यानेच बऱ्याच वेळा फरक पडतो. गुडेल्स (जीभ मागे पडू न देणारा तोंडातला वाकडा एअरवे) टाका, माप ओठाच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत, पण गॅग (घशाला लागलं की उबळ) असेल तर तो नको, नाकातला एअरवे बघा (कवटीच्या तळाला फ्रॅक्चरची शंका असेल तर तोही जपूनच). मोठ्यांची बॅग साधारण दीड लिटरची असते आणि आपल्याला हवेत ५००-६०० मिली, म्हणजे छाती जेमतेम उचलली की थांबायचं. पल्स असेल तर दर ६ सेकंदाला एक श्वास, बास.

अरेस्टमध्ये (हृदय बंद पडल्यावर) तरी ट्यूबच भारी ना? २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये एअरवेज-२ ट्रायल आली, हॉस्पिटलबाहेरच्या अरेस्टचे ९ हजारांवर पेशंट, आयजेल विरुद्ध ट्यूब, आणि चांगल्या न्यूरॉलॉजिकल अवस्थेत वाचलेले ६.४ टक्के विरुद्ध ६.८ टक्के, म्हणजे फरक नाही. त्याच वर्षी फ्रान्स-बेल्जियमच्या ट्रायलमध्ये बॅग-मास्क आणि ट्यूबची तुलना झाली, २८ दिवसांनी चांगल्या न्यूरॉलॉजिकल अवस्थेत वाचलेल्यांचा आकडा जवळपास सारखा, पण बॅग-मास्क तितकाच चांगला हे सिद्ध झालं नाही आणि उलटी वर येण्याचं प्रमाण त्यात जास्त होतं, हेही सांगायलाच हवं. म्हणून कॉम्प्रेशन (छाती दाबणं) न थांबवता तुमच्या हाताला जे पटकन जमतं ते वापरा, आयजेल टाकला म्हणून कोणी कमी ठरत नाही.

जीसीएस ८ चा नियम मुळात डोक्याला मार लागलेल्या पेशंटकडून आलाय, तो सगळीकडे डोळे झाकून लावता येत नाही. २०२३ च्या फ्रान्सच्या ट्रायलमध्ये विषबाधा किंवा ओव्हरडोसने जीसीएस ९ च्या खाली गेलेले, पण लगेच ट्यूबची गरज नसलेले २२५ पेशंट होते. ज्या गटात ट्यूब शक्यतो टाळली त्यात फक्त १६ टक्क्यांच्या आसपास लोकांना ती लागली, आयसीयूतला मुक्काम कमी झाला आणि दोन्ही गटांत हॉस्पिटलमध्ये कोणी दगावलं नाही. अर्थात हे जवळ बसून लक्ष ठेवल्यावरचं आहे. श्वास उथळ होतोय, सॅच्युरेशन पडतंय, उलट्या आवरत नाहीत किंवा डोक्याला मार लागून प्युपिल (डोळ्यातली बाहुली) बदलतंय, तर वाट बघू नका.

व्हिडिओ लॅरिंगोस्कोपचं थोडक्यात. २०२३ च्या डिव्हाइस ट्रायलमध्ये, १४०० वर पेशंट, पहिल्याच प्रयत्नात ट्यूब बसली ८५ टक्के वेळा, साध्या ब्लेडने ७१ टक्के. पहिला प्रयत्न चुकला की सॅच्युरेशन पडणं वाढतं, त्यामुळे हा फरक पेशंटच्या कामाचा आहे. फक्त जास्त वाकड्या ब्लेडने स्क्रीनवर कॉर्ड छान दिसतात पण ट्यूब तिथपर्यंत वळत नाही, त्यासाठी स्टायलेट (ट्यूबच्या आत घालायची, तिला आकार देणारी तार) ब्लेडच्या आकाराचा हवा. आणि लेन्सवर रक्त किंवा उलटी आली तर काही दिसत नाही, म्हणून सक्शन हाताशीच ठेवा.

शेवटचा मुद्दा सगळ्यात धोक्याचा आहे, प्लीज हा नीट वाचा. पोटात गेलेल्या ट्यूबमध्येही छातीवर आवाज ऐकू येऊ शकतो, ट्यूबमध्ये वाफही दिसते. कन्फर्म म्हणजे कॅप्नोग्राफीचा (बाहेर येणाऱ्या श्वासातला सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या मशीनचा) ग्राफ, आणि तो प्रत्येक श्वासाला येत राहायला हवा. ‘अरेस्टमध्ये सीओटू येतच नाही’ हे कारण चालत नाही, चांगलं सीपीआर चालू असेल तर ग्राफ ठेंगणा येतो पण येतो. सपाट रेघ दिसली तर ट्यूब चुकीच्या जागी आहे असंच धरा, एकदा झटकन बघा, खात्री नसेल तर काढा आणि बॅगिंग किंवा आयजेलवर या. पेशंट स्ट्रेचरवरून बेडवर घेतला की परत ग्राफ बघा, पेशंट हलवताना ट्यूब निसटते.